चौदा डझन बांगड्या

दुपारच्या शांततेत पेटीची कडी खट्‌कन वाजली आणि झोपलेल्या सुलक्षणाने कूस बदलली. मालन हात तसाच धरून थांबली. पोरगी उठली नाही. पण पडद्यापलीकडे तांदूळ निवडत बसलेल्या सोनूबाईंचा आवाज आलाच.

"हात धुतलंस गो?"

"धुतले, आये."

"मगे उघड."

दोन दिवसांत सासूसुनेत झालेलं हे पहिलं बोलणं. परवा पोस्टमन आयकराच्या कचेरीचं लांबट पाकीट देऊन गेला, तेव्हापासून घरात भांडीसुद्धा जपून वाजत होती. दशरथने पाकीट उलटंसुलटं करून देवाच्या फळीवर ठेवलं होतं आणि कामावर निघून गेला होता.

पत्र मालनच्या नावाने होतं. सत्याऐंशी सालापर्यंत घाडींच्या घरात सरकारी पत्र यायचं ते पुरुषाच्या नावाने. त्यामुळे भीती वाटत होती हे खरं, पण पाकिटावरचं 'श्रीमती मालन दशरथ घाडी' हे तिने गुपचूप तीनदा वाचलं होतं, हेही खरं.

पेटी पत्र्याची होती, हिरव्या रंगाची. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने 'अनुपमा' असं लिहिलेलं. दशरथनेच लिहिलं होतं, संपात गिरणी गेल्यावर मरोळच्या कारखान्यात लागला तेव्हा, तिथल्या डब्यातला उरलेला रंग आणून. अनुपमा म्हणजे मालनच. कारखान्यातले, बँकेतले, पोस्टातले हौशी लोक दरवर्षी नाटकं बसवत आणि कामगारांच्या स्पर्धेत उतरत. नायक व्हायला प्रत्येक खात्यात दहा जण तयार असत. नायिका मात्र बाहेरून आणावी लागे. मग अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुणी ना कुणी मरोळच्या चाळीत येऊन विचारायचं, "अनुपमाबाई इथंच राहतात ना?" एका प्रयोगाच्या मानधनाला ही मंडळी 'नाईट' म्हणत. अनुपमाची नाईट इतरांपेक्षा तीस रुपयांनी जास्त होती आणि ती कुणी पाडून मागत नसे. कारण अनुपमा संवाद पाठ करून येते, रडायला ग्लिसरीन मागत नाही आणि आपली पेटी आपण आणते.

त्या पेटीचा एक कायदा होता आणि तो सोनूबाईंचा होता.

मालन पहिल्यांदा नाटकाला निघाली तेव्हा सोनूबाईंनी अडवलं नाही. नुसतं एवढंच सांगितलं, "रंगातला रंगात, घरातला घरात. पेटीतली टाचणी माझ्या घरात येवची नाय आणि घरातलो धागो पेटीत जावचो नाय." नाटकात सून कधी कुणाची बायको होते, कधी विधवा होते, कधी आणखी काही होते. त्यातलं काही चिकटून घरात येऊ नये, एवढीच त्या बाईची भीती. म्हणून पेटीला हात लावण्याआधी हात धुवायचे आणि लावल्यावरही धुवायचे. नाटकाचं कुंकू वेगळं, फणी वेगळी, आरसासुद्धा वेगळा. मालनच्या भावाच्या लग्नात पेटीतली जांभळी रेशमी साडी नेसायला मिळावी म्हणून ती रडली होती. सोनूबाई ढळल्या नाहीत. स्वतःच्या लग्नातलं विटलेलं पातळ काढून त्यांनी तिच्या अंगावर टाकलं. सगळ्या वऱ्हाडात मालनच तेवढी जुनाट दिसली. ते तिने मनात ठेवलं होतं, चार वर्षं.

संध्याकाळी अंबादास आला. तो बँकेत कारकून होता, फावल्या वेळात लोकांचे कराचे कागद करून द्यायचा आणि बँकेच्या नाटकात मालनबरोबर काम करायचा. एका कंपनीच्या क्लबाच्या हिशेबात 'अनुपमा' हे नाव सापडल्यावर कचेरीने चौकशी केली होती, आणि मालनचं विवरणपत्र त्यानेच भरलं होतं. वर्षाची मिळकत सत्तावीस हजार. साड्या, गंगावन, रंग, शिलाई, बांगड्या यांचा खर्च नऊ हजार सहाशे. खर्च वजा केला की आकडा अठरा हजारांच्या आत राहत होता, आणि अठरा हजारांच्या आत कर नव्हता.

त्याने इंग्रजी पत्र वाचलं आणि जरा चाचरत सांगितलं, "वहिनी, साहेबांचं म्हणणं असं की, हा खर्च धंद्याचा दिसत नाही. वैयक्तिक शृंगाराचा दिसतो. सोमवारी पुरावे घेऊन बोलावलंय."

"शृंगाराचा?" मालन म्हणाली.

"असं लिहिलंय."

"म्हणजे मी नटते, आणि नटायचे पैसे सरकारकडे मागते."

"तसं नाही म्हणत ते. पण नाही पटवता आलं तर दोनेक हजार कर बसेल. वर दंड पडला तर तो वेगळा."

दोन हजार म्हणजे केवढे ते दशरथच्या चेहऱ्यावर दिसलं. पण मालनला त्या क्षणी आकडा बोचला नाही, शब्द बोचला. सहा महिन्यांच्या पोरीला दूध पाजून, तिला सासूच्या मांडीवर टाकून ती घाटकोपरला प्रयोगाला गेली होती. तापात गेली होती. भाऊबीज सोडून गेली होती. आणि कुठल्याशा टेबलावर कुणीतरी त्या सगळ्याला शृंगार म्हणत होतं.

"बिलं किती आहेत?" दशरथने विचारलं.

"रंगाची आहेत, साड्यांची थोडी आहेत. शिंप्याचं नाही. कासारणीचं तर नाहीच," मालन म्हणाली.

"मग काय दाखवणार, दशा? वाट लागली म्हणून समज," अंबादास म्हणाला.

पडद्याआडून सोनूबाई बाहेर आल्या. "पेटी दाखवा."

"आवशी, कचेरी ती. पेटी घेऊन कोण जातं?" दशरथ म्हणाला.

"आमी जातंव. मी येतंय पेटीबरोबर." आणि मालनकडे पाहून म्हणाल्या, "भायरच्या माणसान हात घातल्यान तर लक्ष नको कोणाचा?"

सोमवारी दशरथला रजा मिळाली नाही. त्याने पेटी रिक्षात चढवून दिली, दोरीने बांधली आणि सुलक्षणाच्या केसांवरून उगाच हात फिरवून तो निघून गेला. रिक्षात मागे सोनूबाई, मालन आणि मालनच्या मांडीवर सुलक्षणा; पायांवर पेटी. अंबादास ड्रायव्हरशेजारी अर्धा लटकलेला. सोनूबाईंनी पेटीवर ठेवलेला हात पूर्ण रस्ताभर उचलला नाही.

साहेबांचं नाव भीमराज वाघमारे. दारावरच्या पाटीवर होतं. पस्तिशीचा माणूस, जाड चष्मा, टेबलावर फायलींचे ढीग. पेटी आत आली तशी त्याने पेन खाली ठेवलं.

"हे काय?"

"पुरावे, साहेब," अंबादास म्हणाला.

"मी कागद मागितले होते."

"कागदही आहेत. थोडे आहेत म्हणून पेटी."

साहेबांनी सोनूबाईंना खुर्ची देववली. मग मालनकडे वळून सरळच बोलले. "बाई, तुम्ही नाटकात काम करता हे मला मान्य आहे. पण साडी, पावडर, बांगड्या कुठलीही बाई घेते. माझी बायको घेते. ती काही मला कर कापून मागत नाही. कायदा असं म्हणतो की खर्च धंद्यासाठीच झालेला पाहिजे, निव्वळ धंद्यासाठी. थोडा घरी, थोडा कामाला, असं चालत नाही. आता हेच बघा." त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "चौदा डझन हिरव्या बांगड्या. एका बाईला वर्षाला चौदा डझन लागतात?"

 प्रश्न हातातल्या बांगड्यांचा होता, आणि त्याचं उत्तर मालनइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"घालायला नाही लागत, साहेब. फोडायला लागतात."

दाराशी उभा असलेला शिपाई आत डोकावला.

"तिसऱ्या अंकात नवरा अपघातात जातो. बातमी येते. मी दाराच्या चौकटीवर हात आपटते. एका प्रयोगाला सहा बांगड्या. गेल्या वर्षी अठ्ठावीस प्रयोग झाले."

"मीच मरतो, साहेब," अंबादासने मध्येच सांगितलं. "त्या नाटकात."

साहेबांनी कागदाच्या कडेला गुणाकार केला. अठ्ठावीस सक एकशे अडुसष्ट. चौदा डझन. एकही जास्त नाही. पण ते सहजासहजी सोडणारे नव्हते. "हातातून काढून ठेवता येत नाहीत का? त्याच पुन्हा वापरता येतील."

"आवाज होत नाही, साहेब." मालनचा स्वर आता लागला होता, रंगमंचावर लागतो तसा. "शेवटच्या रांगेत जी बाई बसलेली असते तिला माझे डोळे दिसत नाहीत. तिला काच फुटलेली ऐकू गेली पाहिजे. ती ऐकू गेली की ती पदर तोंडाला लावते. मग पुढच्या रांगा रडतात. एक अख्खी बांगडी राहिली ना हातात, तर सगळा अंक पडतो."

साहेबांनी गुणाकाराखाली रेघ ओढली. मग म्हणाले, "ठीक. बिल?"

"कासारणीने दिलं नाही. सुंदराबाई म्हणून आहे आमच्या बाजारात. फोडायच्या म्हटल्यावर ती बांगड्याच द्यायला तयार नव्हती. बांगडी फुटली असं आम्ही म्हणतसुद्धा नाही, साहेब, वाढली म्हणतो. तिच्याकडे मी बिल कुठल्या तोंडाने मागू?"

"मग मी मानायचं कसं?"

सोनूबाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी पेटीची कडी काढली, एका कोपऱ्यातून डालड्याचा डबा काढला आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदावर उपडा केला. हिरवी काच खळखळत बाहेर आली. तुकडे, अर्धवर्तुळं, सोनेरी टिकलीचे कण. खिडकीतलं ऊन त्यावर पडलं आणि साहेबांच्या चष्म्यात हिरवे ठिपके नाचू लागले. सुलक्षणा पुढे सरकली तशी मालनने तिचा हात धरला.

"सवाशणीच्या बांगडेचो काचो वाटेर टाकूचो नसता," सोनूबाई म्हणाल्या. "प्रयोग झालो की ही वेचून हाडता. वर्साक एकदा मी पवयच्या तळ्यात सोडतंय. ह्या वर्साचो अजून ऱ्हवलो."

"तुम्ही हे साठवता?"

"मी नाय. पेटी साठवता. घरात नाय घेणंय मी."

मग त्यांनी कायदा सांगितला. पेटीतली टाचणी आणि घरातला धागा. हात धुणं. वेगळं कुंकू, वेगळी फणी, वेगळा आरसा. जांभळी रेशमी साडी, जी सून सख्ख्या भावाच्या लग्नात नेसू शकली नाही. हे सांगताना त्यांनी मालनकडे बघितलं नाही, पण "तेवा रडली होती खूप," एवढं जोडलं. मालनला वाटलं, म्हणजे त्यांनीही ते मनात ठेवलं होतं. चार वर्षं.

साहेब ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "निव्वळ धंद्यासाठी." जणू पुस्तकातलं वाक्य त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी समोर उभं करून दाखवत होतं.

आता मालनला थांबायचं नव्हतं. तिने शिवलेली नऊवारी काढली, मागचे हूक दाखवले. "दोन मिनिटांत बदलावी लागते म्हणून शिवून घेतलीय. ही नेसून लग्नाला गेले तर बायका माझे हूक मोजतील." गंगावन दाखवलं. काळ्या मण्यांचं खोटं मंगळसूत्र दाखवलं. आणि मग लाल फडक्यात वेगळी बांधलेली पांढरीशुभ्र साडी उलगडली.

"आणि ही, साहेब. माझा नवरा धडधाकट आहे. मला सांगा, कुठली बाई हौसेने ही नेसेल? ही नेसून कुणी शृंगार करतं?"

शब्द जोरात गेले, शेवटच्या रांगेपर्यंत जातील असे. साहेबांची मान हलली. बाजूच्या टेबलावरच्या कारकुनाचीही हलली. सोनूबाईंनी फक्त आपल्या पांढऱ्या, बारीक ठिपक्यांच्या पातळाचा पदर डोक्यावर थोडा पुढे ओढला आणि पांढऱ्या साडीची घडी घालायला घेतली. मालनने पाहिलं, पण त्या भरात ते आत पोचलं नाही.

"एक राहिलं," साहेब म्हणाले. "रंग उतरवायला खोबरेल तेल, एकशे आठ रुपये. हेही पेटीतलं?"

"हो, साहेब," अंबादास झटकन म्हणाला.

"नाय," सोनूबाई म्हणाल्या. "ता त्याल घरातला."

अंबादासने डोळे मिटून घेतले.

"घराक येवन तोंड धुता, तेवा माझ्या बाटलेतला घेता. मोरयेर उभी ऱ्हवान. चेरो तिचोच, तो कसो पेटीत ठेवतली? खोटा कित्याक सांगूचा?"

साहेब हसले. खाली मान घालून, मोकळं हसले. लाल पेन घेऊन त्यांनी तेलावर रेघ मारली. "एकशे आठ रुपये नामंजूर. बाकी सगळं मंजूर." मग अंबादासला म्हणाले, "इथे मोठमोठे डॉक्टर येतात, वकील येतात. बायकोच्या मोटारीचं पेट्रोल दवाखान्यात दाखवतात. त्यांच्यापैकी एकाच्या घरी अशी सासू असती तर माझं काम निम्मं झालं असतं."

ते लिहायला लागले. लिहिता लिहिता मान वर न करता बोलले, "माझे वडील जलशात गायचे. गावोगाव. डोक्याला निळा फेटा, तो स्वतः धुवायचे, स्वतः खळ घालायचे. त्या फेट्याचा खर्च कुणी विचारला नाही कधी. धंदा म्हणून कुठल्या कागदावर लागलाच नाही तो." कागद फिरवून त्यांनी मालनपुढे ठेवला. "सही करा. नाव वाचून घ्या आधी."

इंग्रजी अक्षरं होती. अंबादासने बोट फिरवत मराठीत वाचलं. नाव : मालन दशरथ घाडी, रंगभूमीवर अनुपमा. व्यवसाय : नाट्य-अभिनेत्री.

मालनने सही केली. घाई केली नाही. दोन्ही नावांची केली, एकाखाली एक.

घरी आल्यावर बातमी चाळभर झाली ती अंबादासने केली. "फोडायला लागतात, असं सरळ सांगितलं साहेबाला, झकास," हे तो प्रत्येक दाराशी करून दाखवत होता, आणि दर वेळी अनुपमाचा आवाज थोडा मोठा होत होता. दशरथ पाच वाजता आला. त्याने ऐकलं, चप्पल काढली, बादलीत फडकं बुडवलं आणि पेटीचं झाकण पुसलं. नावावर रिक्षातली धूळ बसली होती. ती निघाली तरी तो पुसतच राहिला.

"पुढच्या महिन्यात पुन्हा रंग देतो अक्षरांना," तो म्हणाला. "पिवळा आणतो. पांढरा उठत नाही."

त्या संध्याकाळी मुलुंडला प्रयोग होता, तोच, बांगड्यांचा. मालनने हात धुतले. कुंकू पुसलं आणि नेहमीप्रमाणे गळ्यातलं मंगळसूत्र काढून सोनूबाईंच्या तळहातावर ठेवलं. सोनूबाई ते मनगटाला गुंडाळून बसायच्या, सून परत येईपर्यंत. त्या मनगटात दुसरं काही नसायचं.

"आये," मालन म्हणाली, "तेलाचं सांगितलंत ते बरं केलंत."

"चेरो घरचोच," त्या म्हणाल्या. मग मनगटावरचे मणी सारखे करत, "जांभळी साडी आता तुझ्या भैनीच्या लग्नाक नेस. मी सांगतंय म्हणान नेस."

"नको. साहेबांना काय सांगू मग?"

सोनूबाई हसल्या. हसताना तोंडावर हात धरायची त्यांची सवय होती, तो मंगळसूत्र गुंडाळलेला हात होता. मालनला त्या क्षणी फार मोठं झाल्यासारखं वाटलं. चाळीतल्या या दोन खोल्यांत मावणार नाही इतकं.

सुलक्षणा पेटीच्या कडेला हनुवटी टेकून बसली होती. कचेरीतून आल्यापासून तिचा एकच खेळ चालला होता. बोटाने दाखवायचं आणि सांगायचं : हा तांब्या घरचा, ही फणी कामाची, तो आरसा कामाचा, आजीचं सूप घरचं. आता तिचं बोट लाल फडक्यावर आलं.

"ही पांढरी साडी कामाची."

"हो गं राणी, कामाची."

"नाटक संपलं की तू ही काढतेस."

"हो."

"आणि घरी येऊन कुंकू लावतेस."

"लावते."

पोरीने वळून आजीकडे पाहिलं. पांढऱ्या पातळाकडे, मोकळ्या कपाळाकडे, मनगटाला गुंडाळलेल्या त्या दुसऱ्याच्या मण्यांकडे. मग आईचा पदर ओढून, आजीला वाईट वाटू नये अशा बारीक आवाजात तिने विचारलं,

"आई, मग आजीचं नाटक कधी संपणार?"